आई बाजारात गेलीय

१४ सप्टेंबर २०१४, रविवार

मंडळाच्या नाटकात माझी निवड झाली. निवड हा शब्द बरोबर नाही. नागेशदादा मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी मला शेजारणीच्या भूमिकेतली चार वाक्यं वाचायला दिली आणि मी वाचली. ते म्हणाले, "वाचन एकदम स्वच्छ आहे गं तुझं, उत्कर्षा. उच्चार जरा... तिकडचे आहेत. प्रॉम्प्टिंग करशील?" मी लगेच हो म्हटलं. तिकडचे म्हणजे परभणीचे, हे घरी येताना ट्राममध्ये लक्षात आलं.

तरी बरं वाटतंय. फ्रँकफर्टला येऊन सात महिने झाले, पण ऑफिसबाहेर मला कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

नाटकाचं नाव 'जिना कोणाचा?'. लिहिलंय शरदचंद्रकाकांनी आणि मुख्य भूमिकाही तेच करणार. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं इथे इंजिनिअर होते, आता निवृत्त. फार्स आहे. एका मराठी जोडप्याने जिना पुसायची पाळी चुकवलेली असते आणि सगळी जर्मन इमारत त्यांच्या मागे लागते. प्रयोग बोर्नहाइममधल्या एका पबच्या मागच्या खोलीत होईल. तिथे एक छोटं थिएटर आहे, अठ्ठेचाळीस खुर्च्यांचं.

मी याआधी पबमध्ये गेलेली नाही. आईला फोनवर 'हॉल' असं सांगितलं. हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिली तालीम. रंगमंच माझ्या पावलांनी सहा पावलं रुंद. विंग नाहीच. डावीकडे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दोहोंच्या मध्ये बिअरच्या रिकाम्या क्रेटवर मी. मालकीण फ्राऊ होल्त्स यांनी क्रेटवर उशी आणून ठेवली आणि मला 'सूफ्लूझ' म्हणाल्या. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाईला इथे असं म्हणतात. ते मानाचं काम असतं, शेवटी तिलाही रंगमंचावर बोलावून टाळ्या देतात, म्हणे. मी सांगितलं की आमच्यात तशी पद्धत नाही.

शरदकाकांनी मला नियम शिकवले. मी ते संहितेच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

"नट थांबला की तीन श्वास मोजायचे. मग फक्त पहिला शब्द द्यायचा. नाही उचलला तर पूर्ण वाक्य. तरीही नाही, तर मोठ्याने. लाजायचं नाही."

"पण प्रेक्षकांना ऐकू जाईल, काका."

"जाऊ दे. नट अडकलेला दिसण्यापेक्षा बरं." मग हसून म्हणाले, "आणि एक. मला पदरचं बोलायची खोड आहे. मी काहीही बरळलो तरी तू संहितेवरून हलू नकोस. मला परत आण. वचन दे."

मी वचन दिलं. नागेशदादाही नंतर बाजूला घेऊन हेच म्हणाले. "काका सुटले की आवरत नाहीत. आणि आठ वाजता फ्राऊ होल्त्सला खोली रिकामी करून हवी. सगळं तुझ्या हातात आहे."

ऊर्मिलाताई काकांच्या बायकोची भूमिका करतात. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी चहा घेणार का विचारलं. या दोन प्रश्नांमध्ये जरा वेळ गेला, की मलाच तसं वाटलं, हे ठरवता येत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

संहिता तिसऱ्यांदा वाचली. एकूण चौतीस पानं. पान नऊवर काका 'बादली' म्हणतात आणि पान बारावर तीच वस्तू 'बकेट' होते. विचारावं का?

ऑफिसात माझं काम टेस्टिंगचं. अपेक्षित काय, प्रत्यक्षात काय झालं, फरक असेल तर नोंदवायचा. प्रॉम्प्टिंगही तेच आहे. फक्त इथे फरक आपणच दुरुस्त करायचा.

खरं तर हे काम मी आठव्या वर्षापासून करते आहे. घरात वाचता येणारी मी पहिली. रेशनच्या दुकानावरची पाटी, दवाखान्याचे कागद, लग्नाच्या पत्रिका, सगळं मीच वाचून दाखवायची. आमच्याच नाही, गल्लीतल्या चार घरांचं. एकदा घरकुलाची नोटीस वाचताना एक ओळ सुटली. त्या ओळीत तारीख होती. बाबा "पोर आहे," एवढंच म्हणाले. घर मिळालं, पण सहा वर्षांनी. तेव्हापासून मी ओळ सोडत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

तालमीनंतर ऊर्मिलाताईंबरोबर ट्रामने आले. त्यांनी काकांबद्दल एक गोष्ट सांगितली. न विचारता सांगितली. दुसऱ्याच्या घरातलं लिहू नये, पण विसरायलाही नको म्हणून लिहून ठेवते.

काकांच्या पत्नी प्रभाकाकू २००८ साली गेल्या. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. त्यांची एकुलती मुलगी मुक्ता तेव्हा ड्रेस्डेनला होती, तिच्या पीएचडीची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. काकांनी तिला कळवलंच नाही.

"म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं की एकट्या काकांनी, देव जाणे," ऊर्मिलाताई म्हणाल्या. "आपल्यात असतंच ना तसं, परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू. ती रोज फोन करायची. आई कुठेय? तर आई देवळात गेलीय. आई झोपलीय. आई बाजारात गेलीय. अकरा दिवस! आणि परीक्षा झाली, तिच्या मित्रांनी तिला ती डॉक्टरेटची गमतीची टोपी घातली, आणि त्याच संध्याकाळी काकांचा फोन. तोपर्यंत काकू गेलेल्या."

"मग?"

"मग काय. आली, दोन दिवस राहिली, गेली. त्यानंतर बापाशी मराठीत बोललेली नाही. वाढदिवसाला फोन येतो, जर्मनमध्ये. समजतं तिला सगळं मराठी, हां. बोलत नाही."

मी म्हटलं, "परीक्षेत पास झाल्या का त्या?" ऊर्मिलाताई माझ्याकडे बघत राहिल्या. चुकीचा प्रश्न होता. पण आमच्या घरी हाच पहिला विचारला असता.

१ ऑक्टोबर, बुधवार

काकांनी घरी बोलावून एक पाकीट दिलं आणि त्यावर पत्ता लिहायला सांगितला. त्यांचं अक्षर हल्ली पोस्टाच्या मशीनला वाचता येत नाही, म्हणाले. पत्ता ड्रेस्डेनचा, नाव मुक्ताचं. आत नाटकाचं पोस्टर.

"सोबत चिठ्ठी नको का, काका?"

"पोस्टरवर सगळं आहे. तारीख, वेळ, जागा."

ते बरोबरच आहे, मी तपासलं. पाकीट आजच टाकलं.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटच्या प्रवेशाची तालीम. हा सगळ्यांत विनोदी. बायको दंड म्हणून चारही मजल्यांचा जिना पुसते आहे, आणि तेवढ्यात अमेरिकेहून मुलीचा फोन येतो. नवरा सांगतो, "आई बाजारात गेलीय." मुलगी म्हणते, आज रविवार आहे ना? तर तो, "हो, रविवारीच तर खरा बाजार भरतो इथे!" इथे रविवारी सगळी दुकानं बंद असतात, त्यामुळे हे वाक्य जोरदार हशा घेणार. नागेशदादा तर तालमीतच खुर्चीवरून पडायचे राहिले. काका हे वाक्य अचूक टाकतात. एकदाही अडकत नाहीत.

पान एकतीसवर मी 'येथे मदत लागणार नाही' अशी खूण केली.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रयोग काल झाला. क्रमाने लिहिते, नाहीतर माझीच गडबड होईल.

सहाची वेळ होती. अठ्ठेचाळीस खुर्च्या भरल्या, सात माणसं उभी. (नागेशदादा आठ सांगतात. आठवा बिअर आणणारा होता.) अर्धे मराठी, बाकीचे त्यांचे जर्मन शेजारी आणि जोडीदार. त्यांच्यासाठी कथेचा जर्मन सारांश छापला होता. पडद्याच्या फटीतून मला तिसरी रांग दिसत होती. कडेच्या खुर्चीवर अडतीस-चाळीसची एक बाई, कोट अंगातच, हातात प्यायला काही नाही. नाक काकांचं. मी ओळखलं. काकांनीही फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "आली." मग चष्मा पुसला. नाटकात चष्मा नाही, तो काढून ठेवायची आठवण मला करावी लागली.

पहिली तीस पानं उत्तम. ऊर्मिलाताईंना मी दोनदा शब्द दिला, दोन्ही वेळा त्यांनी पटकन उचलला. काकांनी पदरचं एकही वाक्य घातलं नाही. हसणं इतकं की स्वयंपाकघरातून फ्राऊ होल्त्स डोकावून गेल्या.

पान एकतीस. फोन वाजला. काकांनी उचलला. "हॅलो, बाळा." इथपर्यंत संहितेप्रमाणे.

मग थांबले.

मी तीन श्वास मोजले. पहिला शब्द दिला, "आई..."

"आई," काका म्हणाले. मग म्हणाले, "आई दवाखान्यात आहे."

हे संहितेत नाही. मी पूर्ण वाक्य दिलं. "आई बाजारात गेलीय."

"आई दवाखान्यात आहे," काका पुन्हा म्हणाले. फोन कानापासून जरा दूर, नजर समोर. "तू लगेच ये. परीक्षा राहू दे."

आता खोली शांत झाली. ते अडकले हे सगळ्यांना दिसत होतं, आणि आठला वीस मिनिटं कमी होती. नियमात लिहिलंय, तरीही नाही, तर मोठ्याने. लाजायचं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "आई बाजारात गेलीय!"

माझा आवाज भिंतीपर्यंत गेला, परभणीच्या उच्चारांसकट. मागे कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं. काकांनी माझ्या दिशेला पाहिलं. मला वाटलं, आता लक्षात आलं त्यांच्या. पण पुन्हा, हळू, "आई दवाखान्यात आहे. ये तू."

मी त्याहून मोठ्याने, "आई बाजारात गेलीय!"

खोली हशाने फुटली. जर्मन लोकही हसत होते, त्यांना काय कळलं कोण जाणे. काकांनी हसू थांबायची वाट पाहिली. नटाला ते शिकवावं लागत नाही. मग फोन कानाला लावला आणि म्हणाले, "आई बाजारात गेलीय."

एवढ्या टाळ्या नाटकभर पडल्या नव्हत्या. पुढचं सगळं संहितेप्रमाणे. सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी खोली रिकामी.

मी काकांना परत आणलं. वचन पाळलं.

शेवटी फ्राऊ होल्त्स यांनी मला हात धरून रंगमंचावर नेलं. टाळ्या पडल्या. मी कुठे बघावं न कळून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

नंतर ती माझ्याकडे आली. जर्मनमध्ये बोलली, सावकाश, मला कळेल असं.

"तुम्ही सूफ्लूझ ना? माझे वडील फोनवर जे आधी बोलले, ते टेक्स्टमध्ये होतं?"

मी पान एकतीस काढून बोट ठेवलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. आई बाजारात गेलीय.

"म्हणजे ते दुसरं कुठेच लिहिलेलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "ते चुकले होते. मी त्यांना परत आणलं."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. "आख् सो," म्हणाली, म्हणजे 'असं होय'. मग, "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर'. आणि कोटाची बटणं लावली.

बारपाशी काका उभे होते. जवळ दहा माणसं त्यांचं अभिनंदन करत होती. तिने हात पुढे केला, त्यांनी तो धरला. "जेवलीस का?" काकांनी मराठीत विचारलं. तिने जर्मनमध्ये सांगितलं की तिची ट्रेन आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काकांच्या चुकीची नोंद समासात पेन्सिलीने केली, नक्की काय म्हणाले ते आठवलं तसं. तिसऱ्या वेळी 'लगेच' हा शब्द नव्हता.

ऑफिसात आज एका टेस्टचा निकाल बरोबर आला आणि तरी मी तो चार वेळा पुन्हा चालवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

नागेशदादांचा फोन. हेर्त्सोगेनआउराखच्या मराठी मंडळींना नाटक हवंय, २९ नोव्हेंबरला.

"आणि तो फोनचा गॅग तसाच हवा! तू आतून ओरडतेस तो. सगळे मला विचारतात, कुणाची आयडिया?"

"दादा, तो गॅग नव्हता. काका अडकले होते."

"अगं असू दे ना. हशा बघितलास? संहितेत घाल."

"काकांना विचारायला हवं."

"विचार की. तूच टाइप कर आणि तूच विचार. तुझंच श्रेय आहे."

टाइप केलं. दोन रकान्यांत, काका आणि प्रॉम्प्टर. पहिल्यांदाच माझं पात्र संहितेत आलं. 'आई दवाखान्यात आहे' हे वाक्य टाइप करताना ते कुठल्याही विनोदी नाटकातलं वाटेना. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. वाक्य तेच राहिलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

काकांकडे पान घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"हे मी असंच म्हणालो?"

"हो काका. तीनदा. तिसऱ्यांदा 'लगेच' नव्हतं."

"बारीक लक्ष असतं तुझं." त्यांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग उठून चहा टाकला, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिले. चहाला एवढा वेळ लागत नाही.

परत आले तेव्हा मी विचारलं, "मुक्ताताईंना कळवू का? पोस्टर पाठवू?"

"तिने पाहिलंय हे नाटक."

"नको असेल तर काढून टाकते हा भाग, काका. नागेशदादांना मी सांगेन."

"राहू दे. लोकांना आवडलंय."

जिन्यात आल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. ऊर्मिलाताईंनी ट्राममध्ये सांगितलेले अकरा दिवस, आणि तिसरी रांग. मी तिथेच पायरीवर बसले. वरून एक जर्मन आजी उतरत होत्या, त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बरं आहे.

ती म्हणाली होती, म्हणजे ते दुसरं कुठेच लिहिलेलं नाही? आणि मी बोट ठेवून दाखवलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मुक्ताताईंना पत्र लिहायला घेतलं, जर्मनमध्ये. 'तुमचे वडील चुकले नव्हते' एवढं वाक्य जमलं. पुढे काय लिहायचं? ते काय सांगत होते हे सांगायचा अधिकार माझा आहे का? मी तर ते बोलू दिलं नाही. आणि आता मीच त्यांच्या वतीने बोलू? पुन्हा एकदा मी त्यांच्या तोंडी वाक्य घालणार.

पत्र ठेवून दिलं. अजून फाडलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कालचं लिहिते.

हेर्त्सोगेनआउराखला मोठा हॉल, दोनशे माणसं, बहुतेक इंजिनिअर आणि त्यांची मुलं. इथे विंगही होती. मला खरी खुर्ची आणि माईक. नागेशदादा म्हणाले, "त्या वाक्याला माईक ऑन कर, मजा येईल."

पान एकतीस. फोन वाजला. "हॅलो, बाळा." काका थांबले. तालमीत ठरवल्याप्रमाणे, तीन श्वास.

"आई दवाखान्यात आहे. तू लगेच ये. परीक्षा राहू दे."

आता माझं वाक्य होतं. माझ्या समोर छापलेलं होतं, मीच छापलेलं. मी माईक बंदच ठेवला आणि फाइल मिटली. आयुष्यात पहिल्यांदा मी ओळ सोडली, समजून उमजून.

मला वाटलं होतं की काका पुढे बोलतील. सगळं. जे काही असेल ते.

काका थांबले. तीन श्वास. मग आणखी तीन. विंगेकडे पाहिलं. मी फाइलवर हात ठेवून बसले होते, ते त्यांना दिसलं. पुन्हा समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत कुणाची तरी दोन मुलं मोबाइलवर खेळत होती. काकांनी दुसऱ्यांदा विंगेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वाट पाहणं होतं.

आणि मग त्यांनी स्वतःच, अगदी सावकाश म्हटलं, "आई बाजारात गेलीय."

कुणी हसलं नाही.

पडदा पडल्यावर नागेशदादा धावत आले. "विसरलीस? एवढी लाईन फक्त तुझी, आणि तीच विसरलीस?"

"हो," मी म्हटलं. हे खोटं आहे. इथे नोंदवून ठेवते.

परत येताना वाटेत गाडी थांबवली. नागेशदादा आणि ऊर्मिलाताई कॉफी आणायला आत गेले. मी आणि काका बाहेर उभे होतो. थंडी खूप होती. काकांनी मफलर घट्ट केला.

"का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्हाला पुढे बोलायचं असेल."

"कुणाशी?" काकांनी विचारलं.